नैऋत्येचा जिना

आधी माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून नीट उमगत नाही, आणि जड शब्द माझ्याजवळ नाहीत. ही हकिकत माझा जोडीदार नाथाजी याची. आम्ही दोघं एकाच ट्रॅक्टरवर ऊस वाहायचो. कारखान्यापुढं ट्रॉल्यांची रांग हलत नव्हती, तेव्हा शेकोटीपाशी बसून त्यानं ती मला सांगितली. सांगताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही, पण हातातल्या पाचटाचा त्यानं मोडून मोडून पार भुगा केला. तो बोलला तशी मांडतो. चुकलंमाकलं पदरात घ्या.

दिवस मावळायला नाथाजी बादली घेऊन घरामागं गेला. काम रोजचंच होतं. नव्या सिमेंटला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. "सिमेंट म्हंजी तान्हं लेकरू. येळंवर पाजलं न्हाई तर तडकतंय," असं गवंडी म्हणायचा आणि आपणच हसायचा. साल पंच्याण्णव-शहाण्णव असेल. मलकापूरच्या पुढं, कराडच्या भोंग्याची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर त्यांचं गाव. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं घर उठत होतं. खालच्या दोन खोल्या झाल्या होत्या, घरची माणसं तिथं राहायलाही आली होती. वर एक खोली. आणि घराच्या मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि कुंपण यांच्या बेचक्यात, जिथं शहाणा माणूस कोंबड्यांचं खुराडंसुद्धा घालणार नाही, तिथं जिना.

जागा अपुरी म्हणून तो ताठ उभा. पायऱ्या उंच. धडधाकट माणसानं चढायचं तरी गुडघ्यावर हात टेकावा लागे. त्या जिन्याकडं नजर गेली की नाथाजीच्या डोक्यात सणक उठायची. पण तो मुलखाचा मुखदुर्बळ. राग आला की तो बादली जोरात आपटायचा, एवढंच.

त्या दिवशी त्यानं वरपासून खालपर्यंत पायऱ्या भिजवल्या आणि नेमकी लाईट गेली. रोजचंच होतं तेही. गावावर काळोख बसला. लांबच्या गुऱ्हाळातून गुळाचा गोडसर करपट वास येत होता. वरच्या पायरीचं पाणी खालच्या पायरीवर टपकत होतं... टप... टप... मग थांबलं.

तो बादली उचलायला वाकला आणि थबकला. उरल्यासुरल्या उजेडात सगळ्यात खालची पायरी ओली, काळी दिसत होती. मधोमध मात्र एक जागा पांढरी, कोरडी. खडखडीत कोरडी. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. पाच बोटं होती. हात होता तो. पेरूएवढा, गुबगुबीत.

मांजर असेल, असं तो स्वतःशीच म्हणाला. मांजराला पाच बोटं कुठली, हे त्याला कळत होतं. त्यानं बादलीतलं उरलेलं पाणी त्या जागेवर ओतलं. पाणी आलं, त्या हाताला वळसा घालून दोन्ही बाजूंनी निघून गेलं. कोरडं ते कोरडंच राहिलं.

नाथाजीची बादली हातातून सुटली. भीती तर वाटलीच. पण त्याच्याही आधी त्याला राग आला. कारण त्या जिन्याखाली काय आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं स्वतःच्या हातानं ते तिथं ठेवलं होतं.

आता ते सांगायला पाहिजे.

नाथाजीचा थोरला भाऊ वीरधवल फौजेत हवालदार. त्याची बायको विजयमाला. त्यांचं पहिलं लेकरू, मुलगा, जुन्या घरातच झाला. गोरा, जाड, हातापायाला वळ्या पडलेला. विजयमाला त्याला ढब्बू म्हणायची. पालथा पडायला शिकला होता, रांगायला अजून यायचा होता. गुडघे टेकवायचा, ढुंगण वर करायचा, जागचं हलता आलं नाही की चिडून कुंथायचा. सगळं घर हसायचं. एका तापात ते लेकरू गेलं. वीरधवल तेव्हा लांब बर्फात. तार पोचून, रजा मिळून तो घरी येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला नाथाजीच गेला. बरोबर म्हातारी अंबूबाई, गावची सुईण. तिनंच ते लेकरू जगात आणलं होतं. जुन्या न्हाणीमागं, शेवग्याच्या बुडाला तिनं जागा दाखवली. मीठ घातलं, माती लोटली, कुत्री उकरू नयेत म्हणून वर एक चपटा दगड ठेवला. मग अंबूबाईनं नाथाजीचा हात धरून बजावलं होतं, "जागा बापाला सांगायची, आईला न्हाई. आईला कळली की तिचा जीव तितंच घुटमळतो आन कूस परत धरत न्हाई. ध्यानात ठेव."

त्यांच्याकडची रीतच तशी. बापानं विचारलं नाही, आईला सांगायचं नव्हतं. जागा नाथाजीच्या पोटात राहिली. तरी विजयमालाची कूस कितीतरी वर्षं धरली नाही. आता कुठं ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि बाळंतपण नव्या घरात करायचं असं ठरलं होतं.

जिना आधी पुढच्या अंगाला, ओट्याला लागून निघणार होता. त्याचा पाया भरूनही झाला होता. तेवढ्यात वीरधवल लांब रजेवर आला आणि सांगलीहून एका वास्तुवाल्याला घेऊन आला. सफारी घातलेला, हातात होकायंत्र. त्यानं घराभोवती फेरी मारली, पुढच्या पायाकडं पाहून जीभ चावली.

"नैऋत्य जड पाहिजे, हवालदारसाहेब. जिना मागच्या कोपऱ्यात घ्या. इथं ठेवलात तर कर्त्या पुरुषाला घात आहे."

सीमेवर उभं राहणाऱ्या माणसाला असं सांगितल्यावर तो दुसरं काय ऐकणार? गवंडी कुरकुरला, "आवं, कोपऱ्यात वळायला जागा न्हाई. शिडी हुईल, जिना न्हाई." वीरधवलनं त्याला एका नजरेत गप्प केलं.

नाथाजीनं भावाला उसाच्या बांधावर गाठलं. 

"दादा, तितं नगा बांधू."

"का रं? कोपरा तुज्या नावावर हाय व्हय?"

"तितं... तितं बाळाला ठेवलंय."

वीरधवल दगडासारखा उभा राहिला. मग त्याच्या मानेची शीर तटतटली.

"मला त्येचं तोंडसुदा बघायला मिळालं न्हाई. आन तू आता, घर बांधायच्या टायमाला, मला त्येची जागा दाखवतूस?"

"आवं, तसं न्हवं. आदी हलवू या. मी एकटा हलवतो, कुणाला कळायचं न्हाई..."

"आन तुज्या वयनीला कळलं म्हंजी? पोटात असताना? ह्या बारीलाबी काय झालं तर तू भरून देणार हायेस?" त्यानं नाथाजीची कॉलर धरली. "तिकडं बर्फात माणूस गेला तर त्येची जागासुदा मागं राहत न्हाई. आमी त्येच्यावरच तंबू ठोकतो आन ऱ्हातो. मातीची माती झाली. पुन्यांदा बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो शेवगा तोडला. पाया खणताना चपटा दगड वर आला. वीरधवलनं तो स्वतः उचलला, क्षणभर हातात धरला आणि पायाच्या खड्ड्यात भर म्हणून फेकून दिला. नाथाजी घमेलं घेऊन शेजारीच उभा होता. त्याच्या छातीत जे पेटलं ते तेव्हापासून विझलं नाही.

कोरडा हात दिसला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तो वरच्या पायरीवर होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या वरच्या. सकाळी पाणी मारलं की काही नसायचं. दिवेलागणीला मारलं की दिसायचा. आधी एक हात, मग दोन, मग हातांच्या मागं दोन वाटोळ्या खुणा. गुडघ्यांच्या. आणि आवाज यायला लागला. ओल्या फरशीवर तळवा आपटावा तसा. थप्... थप्... मग कुंथणं. चिडकं, जोर लावलेलं. पायरी उंच आहे, चढता येत नाही, म्हणून भडकलेलं.

गवंड्यानंही एकदा खूण पाहिली. "शेजारचं पोर येतंय काय रं हितं खेळायला? सांग त्येच्या आयशीला, कठडा न्हाई अजून वर," असं म्हणून तो खूण पुसायला गेला. दोनदा पुसली. मग पोचारा तिथंच टाकून, न बोलता सायकलवर बसला. दुसऱ्या दिवसापासून तो दिवस कलायच्या आत घरी जायला लागला.

आणि इकडं विजयमालाच्या पोटातलं बाळ हलेनासं झालं. आधी दिवसभर ढुशा मारायचं. जिन्याचं काँक्रीट पडलं तेव्हापासून मंद होत गेलं. कराडच्या डॉक्टरीणबाईनं नळी लावून पाहिलं. ठोके आहेत म्हणाली, पण तिच्या कपाळाला आठी होती. विजयमाला वरून काही दाखवायची नाही. मात्र जेवता जेवता तिचा हात मधेच पोटावर जायचा आणि तिथंच राहायचा, कुणी दार वाजवेल म्हणून वाट बघत बसल्यासारखा.

नाथाजी अंबूबाईकडं गेला. म्हातारीला आता दिसत नव्हतं. अंगणात उन्हाला बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग अशी कडाडली की कोंबड्या उधळल्या.

"मुडद्यांनो! निजल्यालं लेकरू व्हतं रं ते! त्येच्या डोक्यावर तुमी वाट बांधली. वाट दिल्यावर लेकरू निघणारच की!"

"कुठं निघालंय ते, म्हातारे?"

"आईकडं. आनिक कुठं जाईल?"

"मग... पोटातलं दुसरं?"

अंबूबाईनं आंधळे डोळे त्याच्याकडं वळवले. आवाज एकदम खाली आला.

"एका पोटात दोघास्नी जागा नसती, बाबा. वर पोचलं की तिच्या डोक्यावरनं थेट कुशीत उतरंल ते. त्येच्या आत वाट मोड."

नाथाजी परतला तेव्हा भर दुपार होती. वीरधवल वाळूच्या गाडीसाठी कराडला गेलेला. जिन्याखाली सावली पडायची, थंड असायचं. विजयमाला तिथं सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला तिथं बसलेली पाहून तो घाईनं पुढं झाला.

"वयनी, तितं नगा बसू."

तिनं मान वर केली नाही. "भावजी, हिकडं या. बसा. आयका."

त्याला बसावंच लागलं. डोक्यावर जिन्याचं तिरकं पोट. बाहेर ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं. आणि डोक्यावर, वरच्या अर्ध्यात कुठंतरी...

थप्... थप्...

मग ते कुंथणं. भर दुपारी.

विजयमालाच्या हातातलं सूप तसंच होतं. "असं कोण कुंथायचं, भावजी?"

तो सुपातले खडे वेचायला लागला.

"मी आई हाय. मला वळखू येत न्हाई व्हय? गुडघं टेकलं, पर फुडं सरकता आलं न्हाई, म्हंजी असंच चिडायचा." तिनं सूप बाजूला ठेवलं. "ह्या जिन्याखाली काय हाय?"

नाथाजीनं खाली पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची बंदी होती. त्याच्या गप्प बसण्यातच तिला सगळं कळलं. ती उठली. भिंतीला हात लावून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडेल असं त्याला वाटलं होतं. तो लाल होत गेला.

"हितं न्हाणीचं पाणी यायचं," ती म्हणाली. "हितं मी भांडी घासली. थंडीत चुलीवरचं उरल्यालं पाणी हितंच ओतलं... कडत पाणी, भावजी! माज्या हातानं! रोज!"

"वयनी, रीत हाय... आईला सांगत न्हाईत..."

"जळली तुमची रीत! बाप्याला सांगायची, आन बाप्यानं काय केलं? जिना बांधला!" तिनं सूप उचलून भिंतीवर मारलं. तांदूळ चहूकडं उडाले. "मला ठावं असतं तर दगडावर रोज एक फूल ठेवलं असतं. दुसरं काय केलं असतं मी? खाल्लं असतं त्येला?"

वर आवाज थांबला होता. आई रागावल्यावर लेकरू कान टवकारून गप्प होतं, तसा.

दिवेलागणीला वीरधवल आला, तेव्हा दोघं जिन्यापाशीच उभी होती. नाथाजीनं संध्याकाळचं पाणी मारून ठेवलं होतं. लाईट गेलेली. विजयमालाच्या हातात कंदील. उजेडात काळ्या ओल्या पायऱ्यांवरून कोरडे हात वर वर गेलेले स्पष्ट दिसत होते. वरच्या दारापर्यंत आता थोडंच अंतर उरलं होतं.

"ह्ये काय सोंग?" वीरधवल म्हणाला.

"तुमचं लेकरू," विजयमाला म्हणाली. "तोंड बघायचं ऱ्हायलं व्हतं न्हवं? बघा."

वीरधवलनं भावाकडं पाहिलं. "तू सांगितलंस हिला. तुला..." आणि तो हात उगारून आला.

नाथाजी मागं सरला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं थोरल्याला अरेतुरे केलं.

"मार! मार की! त्या सांगलीवाल्याचं आयकलंस, माजं न्हाई. तुला घात हुईल म्हणून सफारीवाला बोलला आन तुजी टरकली. स्वताच्या जिवापायी लेकराच्या छातीवर सिमेंट वतलंस तू! सकाळी मी जिना फोडणार. आडवा ये, मग बघू."

वीरधवलचा हात हवेतच राहिला. मग तो वळला. "काय न्हाई तितं! मांजरं बघून घाबरताय भाडखाऊ!" असं ओरडत तो पायऱ्या चढला आणि सगळ्यात वरच्या कोरड्या खुणेच्या वरची पायरी अडवून, पाय पसरून बसला. "ये म्हणावं! हितनं फुडं कसा जातोय बघतो!"

 कंदिलाची वात फडफडली. रातकिडे थांबले. गुऱ्हाळाचा वास येईनासा झाला. त्याच्या जागी दुसराच वास आला. खोबरेल तेल, धुरी आणि दूध. टाळू भरलेल्या तान्ह्या लेकराचा. विजयमालानं डोळे मिटून घेतले.

थप्.

वीरधवलच्या पायापाशी.

थप्... मग कुंथणं. एकदा. दोनदा. रागानं, दम लावून. वीरधवलचे डोळे खाली, स्वतःच्या गुडघ्याकडं गेले आणि तिथंच खिळले.  त्याचा उजवा पाय अशा रीतीनं ताठ झाला की जणू त्याला धरून कुणीतरी उठत होतं. कुंथणं थांबलं. आणि मग, नाथाजी शपथेवर सांगतो, एक छोटासा श्वास ऐकू आला. पहिल्यांदा उभं राहता आलं की लेकरू घेतं तसा.

वीरधवल किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. खाली उतरला तेव्हा म्हातारा दिसत होता. ओल्या पायरीवर बसून त्याची फौजी पँट भिजून काळी झाली होती. उजव्या गुडघ्याला मात्र दोन कोरडे डाग होते. दोन इवले तळवे. घट्ट धरलेले.

तो विजयमालाकडं बघू शकला नाही. नाथाजीजवळून जाताना एवढंच म्हणाला, "सकाळी फोड."

रात्रभर खालच्या खोलीत विजयमाला जागी होती. दाराबाहेर दोघं भाऊ बसून होते. वर काही वाजलं नाही. त्या शांततेलाच नाथाजी जास्त भ्यायला.

उजाडलं तसा तो घण घेऊन मागं गेला. फोडायच्या आधी वरच्या खोलीतलं गवंड्याचं सामान, थापी आणि ओळंबा, खाली आणायला हवं होतं. जिना गेल्यावर वर जायला वाट उरणार नव्हती. तो पायऱ्या चढून वर गेला. खोलीतली भुई गवंड्यानं आदल्या दिवशी घरी जाता जाता घोटली होती, अजून ओली होती. आरशासारखी गुळगुळीत.

तिच्यावर पावलं उठली होती.

हात नव्हते, गुडघे नव्हते. पावलं. सिमेंटमध्ये रुतलेली, अंगठे वळवळलेले, एक पुढं एक वाकडं, पडत झडत चालल्यासारखी. दारातून आत गेली होती. खोलीच्या मधोमध येऊन दोन्ही पावलं शेजारी शेजारी थांबली होती. पुढं एकही नाही. मागं फिरलेलंही नाही.

नाथाजीनं मनात हिशेब केला. त्या जागेच्या बरोबर खाली विजयमालाचं अंथरूण होतं.

थापी दारातच पडली होती. एक हात फिरवला असता तर पावलं मिटली असती. त्याचा हात उठेना. तो खाली गेला, बादली भरून आणली आणि त्या पावलांवर पाणी शिंपडलं. रोजच्यासारखं. तडकू नयेत म्हणून.

खाली आला तर विजयमाला मागच्या दारात उभी. केस सुटलेले, दोन्ही हात पोटावर. वीरधवल तिच्या मागं.

"हाललं, भावजी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांवर असं काही होतं ज्याला हसू म्हणावं की नाही, त्याला कळेना. "पहाटंपास्नं लाथा मारतंय. आदीसारखं न्हाई. लय जोरात. लय रागात हाय कुणावर तरी."

"वयनी... अंबूबाई म्हणली व्हती की..."

"मला काय बी सांगू नका." तिचा आवाज धारेसारखा झाला. "पुन्यांदा कुणी मला जागा सांगायची न्हाई. आता मला ठावं हाय. फोडा तो जिना. त्येला खाली जायला वाट ठेवायची न्हाई."

नाथाजीनं घण उचलला. खालच्या पायरीवर पहिला घाव घातला. दारातून विजयमाला कळवळली, "आई गं!" दुसरा घाव. पुन्हा तिचा आवाज. तिसऱ्या घावाला त्याच्या ध्यानात आलं. विजयमाला घाव पडल्यावर ओरडत नव्हती. घाव पडायच्या आधी ओरडत होती.

त्यानं घण डोक्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला.

"का थांबलास?" वीरधवलनं विचारलं.

"आई गं!" विजयमालानं चौकट धरली.

घण वरच होता. पायरी मात्र फुटली. मधोमध, मोठ्या आवाजानं, आणि तिच्याखालून तो चपटा दगड उभा वर आला.

मग विजयमालानं पोट धरलं, आतून आणखी एक लाथ बसली, आणि फुटलेल्या पायरीच्या वरची पायरीही तडकली.

नाथाजीनं घण भिंतीला टेकवून ठेवला आणि बाजूला होऊन उभा राहिला.